पडद्यावर भरलेली ओटी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अकोल्यात, सासरच्या खोलीतल्या दिवाणावर. ताईला तेव्हा आठवा महिना चालू होता. आणि इकडे अमरावतीत, आमच्या स्वयंपाकघरात बसून, आई आणि मी ते पाहत होतो. पाहत होतो हा शब्द मी मुद्दाम वापरते. ताई आम्हाला रोज दिसायची. त्या दुपारीही दिसत होती. मग तिच्या हातातला फोन कलंडला आणि नुसता छताचा पंखा दिसायला लागला.

मी एका लहानशा संघटनेत काम करते. रस्ता, पाणी, दवाखाना यांची पत्रकं लिहिते. हे घरातलं आहे, पण लिहायची दुसरी पद्धत मला येत नाही.

मोबाईलला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. ते मी करणार नाही, कारण ते खोटं होईल. आमच्या आईची मेस आहे. क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेल्या पोरांचे डबे ती करते, बाबा गेल्यापासून एकटीच. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलं तर संध्याकाळी परत येता येतं. पण डबेवाल्या बाईला सकाळही नसते आणि संध्याकाळही नसते. एक दिवस डबा चुकला तर पोरं उपाशी राहत नाहीत, दुसरी मेस धरतात. म्हणून लग्नानंतर ताई जवळच्या गावात जाऊनही आमच्यासाठी लांब गेली होती.

व्हिडिओ कॉलनं ते अंतर मिटवलं, हे मान्य केलंच पाहिजे. दुपारचे डबे गेले की आई पदराला हात पुसायची, फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि समोर पाटावर बसायची. तिकडे ताई तिच्या स्वयंपाकघरात.

"काय केलं वं आज?"

"पातोडीचा रस्सा. सासूबाई म्हणे पाणचट झाला."

"दाखव."

ताई फोन कढईवर धरायची. आई डोळे बारीक करून बघायची. "वाफ आली काचेवर, पुस आधी. हं. खोबरं कच्चं राहिलं तुयं. काळं होईस्तोवर भाजत जा. घाईची आहेस तू जल्माची."

"तुयीच पोट्टी हाव नं."

अशी दोघी हसायच्या. त्या पहिल्या वर्षात ताईला सासर परकं वाटलं नाही याचं श्रेय मी त्या फोनला देते. शेजारची भाभी ब्लाउज शिवायची. ताईनं तिला एकदा कॉलवर आणलं, मला गळ्याचे नमुने दाखवायला. मी इथं बसून पसंत केला, भाभीनं तिथं शिवला, बेतलाही बरोबर. तिचा नंबर तेव्हापासून माझ्याकडे होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि आमच्या संघटनेचंच सांगते. मेळघाटात, धारणीच्या पलीकडे, एका उपकेंद्रात डॉक्टर येत नव्हता. निदान पडद्यावर तरी आणा, म्हणून आमच्या संघटनेनं धरणं धरलं. पडदा बसला. भाजलेल्या एका पोरीकडे त्या पडद्यावरच्या डॉक्टरनं पाहिलं आणि ताबडतोब जीप करून खाली पाठवा म्हणून ओरडला. पोरगी वाचली. ते पत्रक मीच लिहिलं होतं. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही.

पण तिथं पडदा बसला तो रस्ता नाही म्हणून. अकोल्यात माझ्या बहिणीच्या घरापासून सरकारी दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात आई लेकीच्या सासरी जाते, तिची ओटी भरते, हिरवा चुडा भरते आणि परतताना लेकीला सोबतच घेऊन येते. सातव्यात आणलं नाही तर आठव्यात आणता येत नाही, कारण आठव्यात गरोदर बाईला जागची हलवू नये असं दोन्हीकडची मंडळी मानतात. मग एकदम नववा. माझी आजी, मावशा, काकवा, सगळ्यांचं असंच झालं. या रिवाजाला मी कॉलेजात असताना नावं ठेवली होती. आता कळतं की त्यात एक पक्की सोय होती. सातव्या महिन्यात, काही झालं तरी, पोरीच्या अंगाला तिच्या आईचा हात लागायचा.

त्या साली होळी होत नाही तोच ऊन चढलं. ताईच्या सासूचा फोन आला. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. तिनं ताईला कधी वेडंवाकडं बोललेलं आम्ही ऐकलं नाही.

"उनातानात कायले नेता-आणता, विहीणबाई," ती म्हणाली. "पोरगी रोज तं दिसते तुमाले. ओटीबी व्हिडिओवरच भरून घेऊ. आता सारे असंच करतेत. नवव्यात न्या मंग आरामात."

"ओटी हातानं भरतात," आई म्हणाली.

"मी हाव नं इथं. माये हात काय काटेरी हायेत?"

आई हसली. पोरांच्या परीक्षा तोंडावर होत्या, डबे वाढले होते. तिनं हो म्हटलं. तिथंच पहिलं दार लागलं.

ओटीभरणाच्या दिवशी आईनं फोन पाटावर ठेवला, पाटाभोवती रांगोळी घातली. गल्लीतल्या बायका नटूनथटून आल्या. खण, नारळ, तांदूळ सगळं होतं, ओटी घ्यायला फक्त पदर नव्हता. आईनं तांदूळ फोनपुढच्या ताटात घातले. तिकडे सासूनं तसेच तांदूळ ताईच्या पदरात घातले. बायका एकेक करून पुढे झाल्या आणि कुंकवाचं बोट ताईच्या कपाळाला, म्हणजे काचेला लावू लागल्या. एकीनं लावलं, दुसरीनं लावलं, थोड्या वेळानं ताईचा चेहरा अर्धा लाल दिसायला लागला. एक जण म्हणाली, "पुसा वं, पोरगी दिसून नाई राहिली." आईनं पदरानं काच पुसली. कुंकू पसरलं. कडेला अडकलेलं ते कुंकू पुढे किती दिवस निघालं नाही.

मग चुड्याची वेळ आली. हिरव्या बांगड्या आईनं ओळखीच्या बाईबरोबर आधीच अकोल्याला धाडल्या होत्या. माप तिनं विचारलं नव्हतं. ताईचा हात दोन-चारचा, लहानपणापासून यात्रेत तिला बांगड्या आईनंच भरल्या. तिकडे बांगडीवाली बसली, तिनं ताईचा हात दाबला, साबण लावला, पुन्हा दाबला. फोन ताईच्या तोंडासमोर होता, हात आम्हाला दिसत नव्हता. दिसला तो ताईचा चेहरा, ओठ दाताखाली धरलेला. मग काच फुटल्याचा आवाज, आणि बायकांचं हसणं.

"विहीणबाई," सासूचा आवाज आला, "बांगड्या लहान धाडल्या वाटते."

"दोन-चारच्या हायेत," आई म्हणाली. "तिच्याच मापाच्या."

"न्हाई जात बाप्पा. आता अंग भरलं तिचं, अकोल्याचं पाणी मानवलं. दोन-आठच्या लागतीन."

इकडच्या बायकाही हसल्या. आई मात्र हसली नाही. ओटी आटोपली, बायका गेल्या, तेव्हा ती ताटातले तांदूळ डब्यात ओतत मला म्हणाली, "पाहिलं का? चार बायांत मले हिणवलं. लेकीचा हात मले माहीत नाई का? मी लहान बांगड्या धाडीन?"

आईच्या मनाला तो टोमणा लागला. महिनाभर ती त्या बांगड्यांवरून धुसफुसत होती. दोन-चारचा हात दोन-आठचा कसा झाला, हे तिनं विचारलं नाही, मी विचारलं नाही, तिथं हजर असलेल्या एकाही बाईनं विचारलं नाही. सगळ्यांना त्यात मान-अपमान दिसला. सूज कोणाला दिसली नाही. ती बांगडीवाली तो हात दाबत होती तेव्हा आई तिच्या जागी बसली असती, तर मला वाटतं तिथंच सगळं थांबलं असतं. आईच्या बोटांना कळलं असतं. काचेला कुंकू लागतं, पण काच दाबून काही कळत नाही.

आठवा लागला. आता ताईला हलवायचं नाही. दुसरं दार लागलं.

रोज दुपारी ताई दिसत राहिली. गाल वर आले होते, डोळे बारीक झाले होते. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत, उजळ करणारं काहीतरी आधीच चालू असतं, त्यामुळे ती एखाद्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसायची. मेसमध्ये पोळ्या लाटायला येणारी बाई आईच्या खांद्यावरून डोकावून म्हणायची, "उजळली वं पोरगी तुयी. मुलगा होते पाहा." आई म्हणायची, "दृष्ट नको लावू."

एकदा ताई म्हणाली, "आई, चप्पल नाई घालता येऊन राहिली. पाय सुजले."

"सुजतेतच. मायेबी सुजले होते तुया वेळेस. डाक्तरले सांगितलं का?"

सांगितलं होतं. आता डॉक्टरचं सांगते. त्या दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही, जिथं लिहायचं तिथं लिहून दिलं आहे. गरोदर बायकांसाठी त्यांचं पॅकेज होतं. एक तपासणी दवाखान्यात, एक व्हिडिओवर. ऊन वाढलं तसं दवाखान्यातूनच फोन यायला लागला, की मॅडम, या गर्मीत कशाला येता, यावेळचीही व्हिडिओवरच करून घेऊ. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, त्यांची सुट्टी वाचत होती. तेही हो म्हणाले.

असा एक कॉल मी ऐकला आहे, कारण ताईनं दुसऱ्या फोनवर आम्हाला चालू ठेवलं होतं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती, दरवेळी वेगळी असायची म्हणे.

"बाळ हलतंय?"

"हलते."

"जेवण जातंय?"

"जाते. पण पाय लय सुजले मॅडम. हातबी."

"नॉर्मल आहे. पाय उशीवर ठेवा, मीठ कमी करा. अजून काही?"

"डोकं दुखते. डोळ्यांसमोर चमकते, वीज चमकल्यावानी."

"मोबाईल बघता का जास्त?"

ताई म्हणाली, "दुपारी आईशी बोलते."

"स्क्रीन कमी करा. चष्म्याचा नंबर चेक करून घ्या डिलिव्हरीनंतर."

संपलं. पडद्यावर बसलेल्या बाईनं माझ्या बहिणीला सांगितलं की पडद्याकडे बघू नको. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वेळ त्या कॉलला लागला नाही. आणि लागला असता तरी काय, पट्टा फोनमधून बाहेर येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट सुरू झाली. ताईनं डोकं दुखतं म्हटलं की आई म्हणायची, "ठेव मंग फोन, डोये मिटून पड." सासू म्हणायची, "दिवसभर त्या डबड्यात पाहते, दुखन नाई तं काय." भाऊजींपासून पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना आजाराचं कारण सापडलं होतं आणि ते कारण हातात धरता येत होतं. ताईला वाईट वाटायचं. तिनं डोकेदुखी सांगणं बंद केलं. सांगितलं तर आईशी बोलणं बंद होईल, एवढंच तिला कळलं होतं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी डबे लवकर गेले. दुसऱ्या दिवशी घागर भरायची, पुरण घालायचं, आईची गडबड होती. मी खाली बसून धारणीच्या मोर्च्याची पत्रकं दुमडत होते. आईनं फोन लावला, डब्याला टेकवला. ताई दिवाणावर आडवी होती, उशी मानेखाली, फोन वर धरलेला.

"जेवली का?"

"उलटी झाली. नकोसं वाटून राहिलं."

"उन्हाचं आहे. कैरीचं पन्हं कर म्हणा सासूले."

"त्या गच्चीवर हायेत. कुरडया घालून राहिल्या." तिची जीभ जड वाटत होती. मी मान वर केली. "आई, मले तू नीट दिसून नाई राहिली. अर्धीच दिसून राहिली."

"नेटवर्क असन."

"नाई. भिंतबी अर्धीच दिसते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीचंच म्हणाली, पण हळू आवाजात, "ठेव बाई फोन. झोप जरा."

"नको," ताई म्हणाली. "ठेवू नको. तू तिथंच राहा."

ती तेवढंच बोलली. तिचा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला. मला वाटलं चित्र अडकलं, तसं नेहमी अडकायचं. पण चित्र अडकलं नव्हतं. फोन पडला आणि पंखा दिसायला लागला, सावकाश फिरणारा. आवाज चालू होता. दिवाण भिंतीवर आपटत होता. बांगड्या वाजत होत्या, सगळ्या एकदम, हात कोणीतरी धरून हलवावा तशा. मग एक एक फुटत गेली.

आई ओरडत होती. आधी ताईला हाक मारत होती, मग "विहीणबाई, विहीणबाई" म्हणून त्या रिकाम्या खोलीला. मी माझ्या फोनवरून सासूचा नंबर लावला. आणि तो वाजला. आईच्या फोनमधून वाजला. त्याच खोलीत, ताईच्या उशाशी कुठेतरी, चार्जिंगला लावलेला. मी इकडून लावत होते आणि तो तिकडे वाजताना आम्हीच ऐकत होतो. आयुष्यात असलं काही मी ऐकलं नव्हतं. भाऊजींचा लागला, पण जिनिंगच्या खडखडाटात त्यांनी घेतला नाही.

तेव्हा मला भाभी आठवली. ब्लाउजवाली. तिनं पहिल्याच रिंगला घेतला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिची शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आठवतो, आणि मग धावण्याचा.

आम्ही पंख्याकडे बघत होतो. दाराचा आवाज आला. भाभीची सावली पंख्यावरून गेली.

"या अल्ला. इसको तो झटके आ रहे." मग जिन्याकडे तोंड करून, "अम्मा, नीचे आओ, जल्दी आओ."

सासू खाली आली, हातात कुरडयांचा चीक तसाच. तिनं कांदा आणला हुंगवायला. "मिरगी आली का वं हिले," असं रडत म्हणत होती. भाभीनं कांदा बाजूला टाकला. "प्याज नहीं, ऑटो." तिनं ताईला कुशीवर वळवलं, ते आम्हाला दिसलं नाही, ऐकू आलं. ऑटो आला. आईचा कॉल चालूच होता. फोन भाभीच्या मुठीत होता, त्यामुळे आम्हाला कधी आकाश दिसलं, कधी ऑटोचं टप, कधी ताईचा एक पाय. पाय मी पहिल्यांदाच पाहत होते. वर्षभर रोज बोललो आणि पाय कधी पाहिला नव्हता. तो माझ्या बहिणीचा पाय आहे हे मला ओळखता आलं नाही.

मग कॉल तुटला.

आईनं चूल बंद केली, डबे तसेच टाकले आणि आम्ही एसटीत बसलो. वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत काळा झालेला फोन तिनं दोन्ही हातांत धरला होता, चालू करून बघायची तिची हिंमत होत नव्हती. वर्षभर अकोला आमच्या स्वयंपाकघरात होतं. त्या दुपारी ते पुन्हा जिथं आहे तिथं गेलं, आणि तिथपर्यंतचा प्रत्येक खड्डा आम्हाला मोजून घ्यावा लागला.

सरकारी दवाखान्यात ताईच्या नाकाला नळी होती. झटके थांबले होते, शुद्ध नव्हती. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईनं आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, आई, सासू, जिनिंगच्या कपड्यांतच आलेले भाऊजी, मी.

"बीपी वाढून झटके आलेत. शेवटचं कधी मोजलं होतं?"

सासूनं भाऊजींकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे.

"कोणी तरी मोजलं असेल ना? नाव कुठं नोंदवलंय?"

भाऊजींनी खाजगी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि फोन पुढे केला. "यात आहे सगळं, मॅडम. व्हिडिओवर तपासणी व्हायची."

तिनं फोन घेतला नाही. ताईच्या नडगीवर अंगठा ठेवला, दाबला आणि उचलला. अंगठ्याएवढा खड्डा पडला आणि तसाच राहिला. कणकेत राहावा तसा. "हे व्हिडिओवर दिसतं का?" तिनं विचारलं.

नर्सला सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. ज्या हाताला ती मिळेलसं वाटत होतं त्यात हिरव्या बांगड्या रुतल्या होत्या, फुटायच्या राहिलेल्या, दोन-आठच्या. "काढा या," ती म्हणाली. निघत नव्हत्या. "मग फोडा." सासू पुढे झाली. "हिरवा चुडा हाय बाई, पोटुशीचा. फोडू नका." ती नर्सपुढे हात जोडत होती, आणि मला तिचा राग आला नाही, हे मला आजही समजत नाही. आईनं बांगड्यांवर रुमाल घातला, ताईचा तो सुजलेला हात मांडीवर घेतला आणि एक एक बांगडी वाढवली. लहानपणी यात्रेत भरायची तशीच, हळू, साल निघू न देता. साऱ्या गरोदरपणात तिनं ताईला पहिल्यांदा हात लावला होता.

बाळ मुलगी होती. ती राहिली नाही. ताई राहिली. पुढे बरेच दिवस तिला एका डोळ्यानं धूसर दिसायचं, आता बरं आहे.

मी त्या खाजगी दवाखान्यात गेले. काऊंटरवरची मुलगी म्हणाली, सर ऑनलाइन आहेत, तुम्ही व्हिडिओवर बोलून घ्या. मी म्हटलं, मी इथंच उभी राहते, सरांना पायी येऊ दे. बराच वेळ उभी राहिले. आले ते व्यवस्थापक. ते म्हणाले, पेशंटनं स्वतःचं बीपी कळवणं अपेक्षित होतं, तसं अटींमध्ये लिहिलं आहे. मी विचारलं, ज्या बाईला भिंत अर्धी दिसते तिनं अटी वाचायच्या का. ते म्हणाले, तुम्ही भावनिक झालात. हो, झाले. तक्रार दिली आहे. ती कुठेतरी पडून आहे. पॅकेज चालू आहे. भाभी सांगते, तिच्याच गल्लीतली एक बाई सध्या त्यात आहे, आणि तिचेही पाय सुजले आहेत. भाभी तिच्या मागे लागली आहे. ती बाई म्हणते, डॉक्टर तर दर पंधरवड्याला बघतात ना.

ताई आमच्याकडे आली तेव्हा तिच्या फोनवर त्या दवाखान्याचा निरोप आला. नववा महिना लागल्याबद्दल अभिनंदन, पुढची व्हिडिओ तपासणी बुक करा. तो यंत्रानं पाठवला होता, माणसानं नाही, हे मला माहीत आहे. त्यानं काय फरक पडला ते मला कोणी समजावून सांगावं. ताईनं तो वाचला, फोन पालथा घातला आणि आईच्या शेजारी पोळ्या लाटायला बसली.

आता ती अकोल्याला परत गेली आहे. साधा फोन करते, व्हिडिओ लावत नाही. सुरुवातीला आई म्हणायची, "दिस नं थोडी, बरं वाटते मले." ताई म्हणाली, "दिसून काय करशीन? ये." महिन्यातून एकदा आई मेस बंद ठेवते. पोरं कुरकुरतात, काही सोडूनही गेली. आई एसटीनं जाते, ताईच्या दारात चप्पल काढते आणि पाणी प्यायच्या आधी तिची नडगी अंगठ्यानं दाबते. सासू चहा ठेवते आणि बघत उभी राहते. मागच्या वेळी तिनंही आपला पाय पुढे केला म्हणे. "माया बी पाहून घ्या, विहीणबाई."

तुम्ही हे बहुतेक फोनवरच वाचत आहात. त्याच फोनवर तुमची एक कोणी रोज दिसते. पुण्यात, नागपुरात, दोन गल्ल्या पलीकडे. बरी दिसते, भरलेली दिसते, उजळ दिसते. ती गरोदर असेल तर आजच विचारा, पट्टा दंडाला बांधून रक्तदाब कधी मोजला, कोणी मोजला, आकडा काय आला. उत्तर आलं नाही तर महिना कितवा आहे ते बघत बसू नका. एसटीत बसा. तिला उठवा, जवळच्या दवाखान्यात न्या, आणि पट्टा बांधला जाईपर्यंत तिथून हलू नका.